जीर्णोद्धार की वाढीव बांधकाम?

जुना चित्रपट काही वर्षांनी नव्या लांबीने पुन्हा पडद्यावर येतो, तेव्हा त्याच्या पुरस्कर्त्यांची भाषा बहुधा एकच असते. पूर्वी पाहिलात तो अपुरा होता, आता पाहाल तो पूर्ण, असे ते सांगतात. आणि प्रेक्षकांतील एक मोठा वर्ग ते निमूटपणे मान्य करतो. युद्धपटाच्या बाबतीत तर ही मान्यता अधिकच सुलभतेने मिळते. युद्ध हा विषयच विराट. तेव्हा त्याचे चित्रण जितके लांब तितके ते सत्याच्या जवळ, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ही समजूत अभिरुचीपुरती मर्यादित राहिली असती, तर तिची उपेक्षा करता आली असती. परंतु तिच्या आश्रयाने मूळ कृतीच बाजूला सारली जात आहे, म्हणून तिचा प्रतिवाद करणे प्राप्त आहे.

जगातील एका सर्वमान्य युद्धपटाचेच उदाहरण घेऊ. फ्रान्सिस फोर्ड कपोला या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘अपोकॅलिप्स नाउ’ हा व्हिएतनाम युद्धावरील चित्रपट १९७९ साली प्रदर्शित झाला. जोसेफ कॉनरॅडच्या काँगो नदीवरील कादंबरिकेचा सांगाडा घेऊन तो रचलेला आहे. नदीतून वर वर जाणारी एक लहान नौका, तीत बसलेला कॅप्टन विलर्ड, आणि वरच्या अंगाला जंगलात स्वतःचे राज्य मांडून बसलेल्या कर्नल कर्ट्झला संपवण्याची त्याला मिळालेली गुप्त आज्ञा, एवढेच त्याचे कथानक. त्या वर्षीच्या मे महिन्यात कान येथील महोत्सवात तो अपुऱ्या अवस्थेतच दाखवला गेला, तरी ‘द टिन ड्रम’ या जर्मन चित्रपटाबरोबर सर्वोच्च पारितोषिक त्याला विभागून मिळाले. ऑगस्टमध्ये सुमारे अडीच तासांचे त्याचे निश्चित रूप लोकांपुढे आले. पुढे २००१ साली ‘रिडक्स’ या नावाने त्यात ४९ मिनिटांची भर पडली. २०१९ साली ‘फायनल कट’ नावाचे तिसरे रूप निघाले. ते सुमारे १८३ मिनिटांचे, म्हणजे पहिल्याहून लांब आणि दुसऱ्याहून आखूड.

या तीन रूपांवरून प्रेक्षकांत जे पक्ष पडले आहेत, त्यांतील पहिला पक्ष लांबीलाच पूर्णता समजणारा आहे. त्याचे म्हणणे तपासायचे तर भर कशाची पडली हे पाहिले पाहिजे. सर्वांत मोठी भर फ्रेंच मळेवाल्यांच्या प्रसंगाची आहे. नौका वाटेत थांबते, विलर्ड एका जुन्या फ्रेंच कुटुंबाच्या घरी जेवायला बसतो, आणि मेजावर व्हिएतनामच्या इतिहासाची चर्चा रंगते. या प्रसंगाच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे : अमेरिकनांच्या आधी फ्रेंच याच भूमीत लढले आणि १९५४ साली दिएन बिएन फू येथे हरले, ही आठवण मूळ चित्रपटात जवळजवळ नाही. ती येथे येते, आणि ती मोलाची आहे. परंतु ती कोणत्या किमतीला येते? मूळ चित्रपटात नौका जसजशी वर जाते, तसतशी ओळखीची प्रत्येक गोष्ट मागे पडत जाते आणि परतीची वाट बुजत जाते. प्रेक्षकाच्या मनात साचणारे भय याच अखंड गतीतून उत्पन्न होते. जेवणाच्या मेजावर व्याख्यान सुरू झाले की प्रेक्षक नौकेतून उतरतो. तो पुन्हा चढतो तेव्हा ते भय त्याच्या सोबतीला नसते.

दुसरी भर याहून बोलकी आहे. मूळ चित्रपटात कर्ट्झ अंधारात असतो; त्याचा चेहराही पुरता दिसत नाही. ‘रिडक्स’मध्ये तोच कर्ट्झ भर उजेडात, भोवती मुले असताना, ‘टाइम’ साप्ताहिकातील मजकूर विलर्डला वाचून दाखवतो. २०१९ च्या रूपातून स्वतः कपोला यांनीच हा प्रसंग पुन्हा गाळला. ज्यांनी २००१ साली ‘आता चित्रपट पूर्ण झाला’ म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यांनी याचा उलगडा करावा. पूर्णाचा एक भाग अनावश्यक ठरत असेल, तर ती पूर्णता कसली? भर घातल्याने भरीवपणा येतोच असे नाही, हे सुगृहिणीला कळते. रसिकाला कळू नये, हे नवल आहे.

दुसरा पक्ष अधिक विचारी आहे. तो म्हणतो, कृती ज्याची, अधिकार त्याचा. कर्त्याला वाटेल तेव्हा त्याने ती बदलावी. या युक्तिवादाचे उत्तर आमच्या व्यवसायात रोज द्यावे लागते. निकालाचा मसुदा न्यायाधीश हवा तितक्या वेळा खोडू शकतो. परंतु निकाल उच्चारून त्यावर स्वाक्षरी झाली की तोच न्यायाधीश त्यात सहजगत्या भर घालू शकत नाही. लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. किंवा पुनर्विलोकनाचा अर्ज करावा लागतो, आणि त्यालाही कारणे ठरलेली आहेत : योग्य तत्परता दाखवूनही पूर्वी हाती न आलेला पुरावा, अभिलेखावर उघड दिसणारी चूक, किंवा तितकेच सबळ कारण. मला आता निराळे सुचले, हे कारण दिवाणी प्रक्रिया संहितेला मान्य नाही. न्यायाधीशाची योग्यता कमी म्हणून हा नियम झालेला नाही. निकालावर विसंबून लोक आपले व्यवहार करतात, म्हणून तो झाला आहे. चित्रपटावरही लोक विसंबतात. एका पिढीने तो पाहिला, त्यावर वाद केला, त्यातून एका युद्धाविषयीचे आपले मत बनवले. कानचा खेळ हा मसुदा होता असे म्हणा. ऑगस्ट १९७९ चा खेळ हा स्वाक्षरीचा निकाल होता.

याचा अर्थ जुन्या चित्रपटाला हातच लावू नये, असा कोणी काढू नये. आपण देवळांच्या परंपरेत वाढलेली माणसे. जीर्णोद्धार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा युद्धपट डिसेंबर १९६२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतर थोड्याच काळात त्यातील सुमारे २० मिनिटे कापली गेली, आणि पुढच्या पुनर्प्रदर्शनासाठी आणखी कात्री चालली. १९८९ साली विखुरलेले तुकडे शोधून, लीन यांच्याच देखरेखीखाली तो पुन्हा उभा करण्यात आला. काही तुकड्यांचा ध्वनी हरवला होता, तेव्हा हयात नटांनी आपले संवाद नव्याने म्हटले, आणि दिवंगत नटाचा आवाज दुसऱ्याने दिला. हा खरा जीर्णोद्धार. लोकांपुढे एकदा आलेले आणि पुढे मोडलेले ते परत बसवले गेले. ‘शोले’चीही गोष्ट याच जातीची आहे. १९७५ साली परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे त्याचा शेवट बदलावा लागला. २०२५ साली मूळ शेवटासह तो दाखवला गेला. दडपलेला पुरावा पुढे आला, तर पुनर्विलोकन न्याय्यच ठरते. ‘दास बोट’ या जर्मन पाणबुडीच्या चित्रपटाचे १९९७ चे साडेतीन तासांचे रूप १९८१ च्या अडीच तासांच्या रूपाहून सरस वाटते, असे म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही. दूरचित्रवाणीवरील मालिकेसाठी त्याचे विस्तृत चित्रण आरंभापासूनच योजलेले होते, आणि पाणबुडीतील कंटाळा व घुसमट हाच त्याचा विषय असल्यामुळे लांबी तेथे विषयाच्या कामी येते.

तेव्हा कसोटी स्पष्ट आहे. सभामंडप वाढवा, दीपस्तंभ उभारा, छप्पर बदला. गाभारा हलवू नका. ‘अपोकॅलिप्स नाउ’चा गाभारा म्हणजे नदीवरची ती अखंड गती, आणि ‘रिडक्स’ने हात तिलाच घातला आहे. गाभारा हलवण्याची वेळ येतच नाही, असे नाही. श्रीमंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळास आला. पण तो धर्मसंकटामुळे आला, कोणाला नव्या मांडणीची हौस वाटली म्हणून आला नाही. शिवाय देवाचे मूळ स्थान कुठ्ठाळी, हे साडेचारशे वर्षांनंतरही आपण विसरलेलो नाही.

आता तिसऱ्या पक्षाकडे वळतो. हा पक्ष आपल्यातलाच आहे, आणि त्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. तो विचारतो : आपला सर्वश्रेष्ठ युद्धग्रंथ वाढतच गेला ना? आदिपर्वातच उपाख्यानांवाचूनच्या चोवीस हजार श्लोकांच्या भारताचा उल्लेख आहे, आणि परंपरा महाभारताला लक्षश्लोकी म्हणते. मग एका परदेशी चित्रपटात पाऊण तासाची भर पडली म्हणून एवढा गदारोळ कशाला?

याचे उत्तर पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात मिळते. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम तेथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. जे पाठ जुन्या व परस्परांहून स्वतंत्र परंपरांच्या साक्षीला टिकले, ते संहितेत राहिले. जे टिकले नाहीत, ते तळटीपांत व परिशिष्टांत गेले; फेकून मात्र काहीही दिले नाही. व्यासांनी सांगावे आणि श्रीगणेशाने लिहून घ्यावे, ही आपल्या घराघरांतील कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. म्हणून कोणाची गणेशभक्ती उणावली नाही, आणि कोणत्या कीर्तनकाराने ती कथा सांगणे सोडले नाही. मात्र भर कोठे पडली, हे आता जिज्ञासूला पान उघडून पाहता येते. महाभारत वाढले, हे खरे; आणि वाढले म्हणूनच मूळ कोणते हे शोधण्यासाठी विद्वानांच्या दोन पिढ्यांना आयुष्य वेचावे लागले. हा दाखला तिसऱ्या पक्षाच्या उपयोगाचा नाही.

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला तर ही गोष्ट सहज पटावी. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी या शहरावर केलेल्या स्वारीची हकीकत इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत एका दृष्टीने आली आहे, मराठी बखरींत दुसऱ्या. इतिहासकार दोन्ही वाचतो, दोन्हींची उलटतपासणी करतो. एकाची पाने दुसऱ्यात शिवून ‘संपूर्ण हकीकत’ म्हणून तो बांधत नाही; आणि कोणी तसे बांधून न्यायालयात आणले, तर तो दस्तऐवज कोणी विश्वसनीय मानणार नाही.

हा वाद परदेशी चित्रपटांपुरता आहे, असे समजून स्वस्थ बसण्यासारखी परिस्थिती नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता ठरतो, दिग्दर्शक नव्हे. त्यामुळे ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ या शब्दांमागे येथे कायद्याचे बळ फारसे नाही. २०१३ च्या ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रबुद्धीने बदललेल्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित करण्यात आली; दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष यांनी उघड निषेध केला, तरी खेळ झाले. ती प्रेमकथा होती. उद्या १९६२ च्या पराभवावरील ‘हकीकत’सारख्या युद्धपटात कोणी विजयाचा शेवट जोडला, तर आजच्या लांबीप्रेमी प्रेक्षकाजवळ हरकतीला कोणते तत्त्व उरणार? नवे ते अधिक चांगले, हे त्याने आधीच कबूल केलेले आहे.

शिवाय मूळ एकदा गेले की गेले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आज जी थोडी रिळे उपलब्ध आहेत, ती १९१३ ची की १९१७ साली त्यांनीच पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या कृतीपासून आपण भारतीय चित्रपटाचा आरंभ मोजतो, तिच्याबद्दलही आपल्याला छातीठोकपणे बोलता येत नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. काळ आणि अग्नी आपले काम करतातच. त्यांत विक्रेत्यांच्या हौसेची भर नको.

माझी मागणी फार मोठी नाही. वाढवलेल्या प्रत्येक युद्धपटाच्या आरंभी प्रथम प्रदर्शनाचे वर्ष, तेव्हाची लांबी, नंतर पडलेली भर आणि ती घालणाऱ्याचे नाव ठळकपणे दाखवावे. भर घातलेल्या रूपाला निराळे नाव असावे. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली, चीनमधील युद्धात जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये निवर्तलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर हिंदुस्थानी व इंग्रजी अशी दोन रूपे काढली, तेव्हा दोहोंना दोन नावे दिली होती. तीच रीत येथेही चालावी. मूळ रूप वाढीव रूपाच्या बरोबरीने विक्रीस व पाहण्यास उपलब्ध असावे, आणि दोन्हींच्या प्रती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवाव्यात. हे होईपर्यंत प्रेक्षकाच्या हाती एक उपाय आहे : ‘पूर्ण’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खेळाचे तिकीट काढण्यापूर्वी मूळ कोठे पाहायला मिळेल, एवढे विचारावे. देवळाच्या हिशेबात एका समईची नोंद चुकली तर महाजनांना जाब विचारणाऱ्या आपल्या समाजाला हे जड जाऊ नये.