पताका पुसायची का?

बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगणात माउलींचा अश्व धावतो, तेव्हा आम्हा फोटोग्राफरांच्या लेन्ससमोर हमखास काहीतरी येतं: एखादी पताका, वर धरलेला मोबाइल, बंदोबस्ताचा दोर. फोकस अश्वावर असल्यामुळे समोरच्या वस्तूचा धुरकट पट्टा उमटतो. तो काढून टाकणारं तंत्र आता हाताशी आलं आहे. पंढरपुरात फोटो स्टुडिओ चालवणारा म्हणून माझं म्हणणं आहे की, यातलं कुठलं तंत्र कुठे चालवायचं हे आपण ठरवायला हवं.

२०१५ मध्ये एमआयटी आणि गूगलच्या संशोधकांनी मांडलेली पद्धत मला पटते. कॅमेरा किंचित सरकवत चार-पाच फोटो घ्यायचे. समजा समोर जाळी आहे; जवळ असल्यामुळे ती फोटोत जास्त सरकते, मागचं दृश्य कमी. त्यावरून संगणक दोन थर वेगळे करतो. एका फोटोत जाळीआड गेलेलं दुसऱ्यात दिसलेलं असतं, ते तिथून घेतो. लेन्सच्या अगदी जवळ आलेला बारीक दोर तर मागचं पुरतं झाकतही नाही. अ‍ॅपर्चर मोठं असेल तर दोराच्या दोन्ही बाजूंनी प्रकाश आत येतच राहतो, चित्र फक्त फिकं पडतं. बारीच्या बॅरिकेडआडून टिपलेली नामदेव पायरी अशी मोकळी केली, तर त्यात खोटं काही नाही.

पण फोटो एकच असेल आणि समोर कुणाचं डोकं आलं असेल, तर त्यामागचं कॅमेऱ्यानं पाहिलेलंच नसतं. २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनवर आलेल्या ‘मॅजिक इरेजर’सारखी साधनं ती जागा अंदाजानं भरतात. घरच्या अल्बमसाठी गिऱ्हाइकानं मागितलं तर मीही करून देतो, सांगून. वारीच्या बातमीच्या फोटोत मात्र हे अजिबात नको.

कारण तिथे पुसला जातो तो माणूस. जातीमुळे विठ्ठल मंदिराबाहेरच ठेवलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. दलितांना मंदिरात जाता यावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना इथे उपोषण करावं लागलं. अशा गावात, अंगठा फिरवून एखादा वारकरी चौकटीबाहेर घालवणं मला सोसत नाही. वर्तमानपत्रांनी आणि वारीच्या छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्यांनी मूळ फाइल मागून घ्यावी, आणि काही पुसलं असेल तर ते फोटोखालीच छापावं.