घरचा संगणक, दारचा धनी

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला एकच संगणक आणि त्याच्याभोवती बांधलेले चौघांचे वेळापत्रक, हे मध्यमवर्गीय घरातील परिचित दृश्य आहे. सकाळी वडील कचेरीतला राहिलेला तक्ता पुरा करतात, दुपारी शिक्षिका असलेली आई प्रश्नपत्रिका तयार करते, संध्याकाळी मुलगा अभ्यास, आणि अभ्यासाच्या नावाखाली इतरही पुष्कळ काही, करतो. रात्री महाविद्यालयात जाणारी मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास बसते. मुदत त्याच मध्यरात्री संपणार असते. नेमक्या त्या घटकेला पडद्यावर सूचना उमटते, की अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नये. टक्केवारीचा आकडा तीसवर येऊन थबकतो आणि ‘कोणी काय दाबले?’ या प्रश्नावरून घरात खडाजंगी सुरू होते. वस्तुतः कोणीच काही दाबलेले नसते.

प्रसंग वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न क्षुल्लक नाही. पैसे मोजून घरात आणलेल्या वस्तूचा धनी कोण? ती विकत घेणारे कुटुंब, की तिच्या आज्ञावलीत दूर अंतरावरून वाटेल तेव्हा बदल करू शकणारी कंपनी?

अपडेट नकोतच, असे म्हणणे मात्र शहाणपणाचे ठरणार नाही. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोज प्रणालीतील एका गंभीर छिद्रावर दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने त्याच छिद्रातून शिरकाव केला आणि सुमारे १५० देशांतील संगणकांना वेठीस धरले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध दोन महिने अगोदर उपलब्ध होते, ज्यांनी ते घेतले नाही त्यांना रोगाने गाठले. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार आणि निवृत्तिवेतनाची कामे होतात, तो दुरुस्तीविना ठेवणे म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारातच टांगण्यासारखे आहे.

परंतु औषध देणाऱ्याचा हातही कधी चुकतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट आले, तेव्हा काही वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फायलीच नाहीशा झाल्या. कंपनीला काही दिवसांतच त्याचे वितरण थांबवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प केले आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. ते संगणक प्रामुख्याने मोठ्या संस्थांचे होते आणि ते पूर्ववत करण्यासाठी त्यांच्या दिमतीला तंत्रज्ञ होते. घरच्या संगणकाच्या दिमतीला कोण असते? फार तर शेजारचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तोही परीक्षा नसेल तेव्हा.

सामाईक संगणकाची अडचण येथे अधिकच तीव्र होते. एकाने ‘होय’ म्हटले, की बदल चौघांच्या वाट्याला येतो. मुलाने खेळासाठी घेतलेल्या नव्या आवृत्तीमुळे वडिलांचा जुना छापयंत्र मुका होतो. जुन्या मराठी फाँटमध्ये वर्षानुवर्षे टंकलिखित केलेल्या आईच्या प्रश्नपत्रिका, तो फाँट किंवा त्याची आज्ञावली नव्या प्रणालीत चालेनाशी झाली, की अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन समोर येतात. त्यात मोबाईलचा मोजका डेटा संगणकाला पुरवायचा असेल, तर एक अपडेट दिवसभराचा शिधा एका घासात संपवते. मध्येच वीज गेली, तर पुढचे काही सांगावयासच नको. आणि ज्या अटींना घराने मान्यता दिली असे समजले जाते, त्या अटी घरातील एकानेही वाचलेल्या नसतात.

घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे, अशी गत २०२५ मध्ये झाली. २०१५ साली आलेल्या विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. परिणामी, उत्तम चालणारे असंख्य संगणक एका तारखेने निवृत्त ठरले. सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी वर्षभराची जादा मुदत देण्यात आली. पण ती घेण्यासाठी पैसे भरणे, बक्षिसाचे गुण खर्च करणे किंवा संगणकाच्या सेटिंग्ज कंपनीच्या साठ्यात ठेवणे, यांपैकी एक अट होती. ग्राहक संघटनेने आक्षेप घेतल्यावर युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांपुरती ती अट शिथिल झाली. संघटित ग्राहकास जे मिळते ते असंघटितास मिळत नाही, हा जुनाच धडा यातून पुन्हा मिळतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयींची भर या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचा आग्रह समर्थनीय आहे, दुसरीची सक्ती नाही. हे वेगळेपण अशक्य नाही, याचा पुरावा खुद्द कंपनीनेच दिला. २०१९ च्या मे महिन्यापासून विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीतही अपडेट ३५ दिवसांपर्यंत लांबविण्याची मुभा मिळाली. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०१८ मध्ये, अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल, ॲपल व सॅमसंग यांना दंड केला. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी, ग्राहकास वाजवीपणे अपेक्षित असलेल्या काळापर्यंत आवश्यक अपडेट पुरविण्याचे बंधन घातले. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी यांविरुद्ध दाद मागता येते. परंतु दुरुस्त्या किती वर्षे मिळाव्यात, याचा निर्देश त्यात नाही. औषधाच्या वेष्टनावर जशी मुदत छापली जाते, तशी संगणकाच्या खोक्यावर आधाराची अखेरची तारीख ठळक अक्षरांत का नसावी? अपडेटचा आकार, लागणारा वेळ आणि होणारा बदल मराठीत सांगून मगच संमती का घेऊ नये?

कायदा होईपर्यंत कुटुंबालाही काही पथ्ये पाळता येतील. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असावे, मुख्य खात्याची किल्ली घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे असावी, महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत वेगळ्या साधनावर ठेवावी आणि अपडेटसाठी रविवारची सकाळ राखून ठेवावी. जुन्या फाँटमधील मजकूर, तो वाचता येतो आहे तोवरच, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. अर्ज मागविणाऱ्या संस्थांनीही, अखेरच्या रात्री एखाद्या घरातला एकमेव संगणक अडकून पडू शकतो, हे ध्यानात घेऊन एका दिवसाची सवलत ठेवावयास हरकत नाही.

घराची डागडुजी करणारा गवंडी आवश्यक असतो, त्याला मजुरीही द्यावी लागते. पण तो दार वाजवून आत येतो, काय करणार ते सांगतो आणि घरच्यांचे सामान रस्त्यावर टाकीत नाही. संगणकाच्या गवंड्याकडून याहून अधिक काही अपेक्षिलेले नाही, आणि याहून कमीही स्वीकारण्याचे कारण नाही. तीस टक्क्यांवर थबकलेल्या पडद्यासमोर, घड्याळाच्या काट्यांकडे पाहत बसलेल्या मुलीचा तेवढा हक्क निश्चितच आहे.