छत्री राजगडाकडे, कार्ड लिनक्सवर

टीव्ही ट्यूनर कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटात बसवलेला बिनपडद्याचा टीव्ही. अँटेनाची, केबलची किंवा छत्रीची (म्हणजे उपग्रहाच्या डिशची) वायर त्याला जोडायची, चित्र संगणकाच्या पडद्यावर पाहायचे आणि हवे तर हार्ड डिस्कवर साठवायचे. जुन्या कार्डावर दोन गोष्टी महत्त्वाच्या असतात. एक पत्र्याची चपटी डबी, म्हणजे प्रत्यक्ष ट्यूनर. तो हव्या त्या वाहिनीची लहर निवडतो. दुसरी तिच्या शेजारची मोठी काळी चिप. ती लहर आकड्यांत बदलून संगणकाच्या हवाली करते. लिनक्सचा ड्रायव्हर बोलतो तो या दोघींशी. खोक्यावर कोणत्या कंपनीचे नाव छापले आहे, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. एवढी एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी धडधाकट कार्डांवर ‘लिनक्सवर चालत नाही’ असा शिक्का बसला आणि ती माळ्यावर गेली.

खोक्यातली सीडी बाजूला ठेवावी. तिच्यावरचा ड्रायव्हर विंडोजसाठी असतो. लिनक्समध्ये ट्यूनरचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात (कर्नल म्हणजे या प्रणालीचा गाभा, पलटणीतला नव्हे). ब्रुकट्रीच्या बीटी८४८ आणि बीटी८७८ या चिपांसाठी बीटीटीव्ही, फिलिप्सच्या एसएए७१३० आणि एसएए७१३४ साठी एसएए७१३४ याच नावाचा ड्रायव्हर, कोनेक्सेंटच्या सीएक्स२३८८० कुळासाठी सीएक्स८८. पीसीआय खाचेत बसणारी घरगुती अ‍ॅनालॉग कार्डे बहुतांशी या तीन घराण्यांतली. एकाच चिपचे कार्ड पाच वेगळ्या नावांच्या खोक्यांत विकले जाई, तेव्हा ओळख चिपवरच्या क्रमांकावरूनच पटवायची.

संगणक न उघडताही ती पटते. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली की पीसीआय खाचांत बसलेल्या वस्तूंची यादी मिळते; यूएसबी ट्यूनरसाठी ‘एलएसयूएसबी’. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टंकताना रोमन छोटी अक्षरे वापरावीत.) मग ‘डीमेसेज’ पाहावे. कर्नलने कार्डाशी काय बोलणे केले, त्याची ती रोजनिशी असते. सगळे जुळले असेल तर तिथे कार्डाचे नाव आणि ट्यूनरचा प्रकार दिसतो, आणि यंत्रांच्या फोल्डरात ‘व्हिडिओ०’ नावाची नोंद तयार होते. इतके झाले की ड्रायव्हर बसला. चालू वापरकर्त्याचे नाव ‘व्हिडिओ’ गटात नसेल तर पाहण्याची परवानगी नाकारली जाते. तेही याच टप्प्यावर तपासून घ्यावे, म्हणजे पुढे विनाकारण ड्रायव्हरला बोल लागत नाही.

अडचण येते ती स्वस्त कार्डांत. चांगल्या कार्डावर आपली ओळख सांगणारी एक बारीक स्मृतिचिप असते. खर्च वाचवण्यासाठी ती गाळली असेल, तर ड्रायव्हर चिप ओळखतो, पण कार्ड ओळखत नाही. डीमेसेजमध्ये ‘अज्ञात’ या अर्थाची ओळ आणि कार्डाचा क्रमांक शून्य दिसतो, चित्र येत नाही किंवा नुसत्या मुंग्या येतात. अशा वेळी कार्डाची आणि ट्यूनरची ओळख आपणच सांगावी लागते. कर्नलच्या कागदपत्रांत प्रत्येक ड्रायव्हरची कार्डयादी असते आणि तिच्यातल्या प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो. ट्यूनरची यादी वेगळी. त्यासाठी मात्र पेचकस घेऊन पत्र्याच्या डबीवरची चिठ्ठी वाचावी. फिलिप्सचा एफआय१२१६ असेल तर ट्यूनर क्रमांक ५, एफएम१२१६एमई एमके३ असेल तर ३८. चिठ्ठी पुसली गेली असेल तर एकेक क्रमांक घालून पाहण्याला इलाज नाही. एसएए७१३० च्या बिननावाच्या कार्डांवर यादीतला ३ क्रमांक, म्हणजे फ्लायव्हिडिओ२०००, आधी लावून पाहण्यासारखा आहे. दर वेळी ड्रायव्हर काढून नव्या क्रमांकासह पुन्हा चढवायचा. जुळलेली जोडी ‘मॉडप्रोब.डी’ या फोल्डरातल्या एका ओळीच्या फाइलमध्ये लिहून ठेवली की संगणक सुरू होताना ती आपोआप लागू होते.

चित्र आले आणि आवाज नाही, ही तक्रार हमखास येते. बीटी८७८ च्या कित्येक कार्डांवरचा आवाज एका छोट्या वायरीने साउंड कार्डाच्या ‘लाइन इन’मध्ये न्यावा लागतो, आणि तो मार्ग लिनक्सच्या मिक्सरमध्ये अनेकदा मुळातच बंद असतो. मिक्सर उघडून तो चालू करावा. ड्रायव्हर बदलत बसण्यात रात्र घालवू नये.

वाहिन्या शोधताना टीव्हीटाइम किंवा एक्सएडब्ल्यूटीव्ही हे कार्यक्रम देश विचारतात. भारतात पाल-बी/जी पद्धत होती आणि व्हीएचएफच्या वरच्या पट्ट्यातली वाहिन्यांची मांडणी पश्चिम युरोपसारखी, म्हणून युरोप निवडून काम भागत असे. ‘असे’ म्हणण्याचे कारण पुढे येते आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे (ज्याचे नाव आता राजगड तालुका ठरले आहे) या भागात ड्रायव्हरच्या आधी डोंगराचा विचार करावा लागतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यातून ते पुणे परिसरात दिसू लागले. भोर शहर सिंहगडापासून हवाई अंतराने पंचवीस किलोमीटरच्या आसपास, वेल्हे तर त्याहून जवळ. पण या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर ओलांडून दरीत उतरणे त्यांना फारसे जमत नाही. १४०३ मीटर उंचीच्या तोरण्याच्या आड, किंवा भाटघर आणि नीरा-देवघर धरणांच्या वरच्या खोऱ्यांत वसलेल्या वाड्यांना मनोरा जवळ असून नसल्यासारखाच. मुंग्यांचे खापर अँटेनावर, टीव्हीवर आणि पुढे ट्यूनर कार्डावरही फुटले. त्यात कार्डाचा दोष क्वचितच होता.

आता तो प्रश्नही उरलेला नाही. दूरदर्शनने सीमेवरच्या आणि मोक्याच्या जागा वगळता अ‍ॅनालॉग प्रक्षेपक मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. जमिनीवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणासाठी भारताने डीव्हीबी-टी२ पद्धत घेतली. २०१६ मध्ये ती ज्या १६ शहरांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद होती, पुणे नव्हते. इथे एक सापळा आहे. ऑनलाइन दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी ट्यूनरमध्ये बहुधा रिअलटेकची आरटीएल२८३२यू चिप असते. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर आहे, तो सुरळीत बसतो, यंत्राची नोंदही तयार होते. पण ती चिप पहिल्या पिढीच्या डीव्हीबी-टीची आहे, टी२ तिला कळत नाही. सगळे बरोबर करूनही पडदा काळाच राहतो.

केबलचीही तीच गत झाली. केबल डिजिटल करण्याचा शेवटचा, ग्रामीण भागाचा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. तेव्हापासून केबलच्या वायरीतून येते ते कुलूपबंद असते आणि किल्ली केबलवाल्याच्या सेट टॉप बॉक्समध्ये. लिनक्सचा कुठलाही ड्रायव्हर ते उघडत नाही. उघडावे अशी अपेक्षाही धरू नये.

मग राहते छत्री. डोंगराळ मुलखात तीच सर्वांत शहाणपणाची निवड. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. आज ती डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. महिन्याचे भाडे नाही, सह्याद्री वाहिनी आहे, आणि एमपीईजी-२ मधल्या वाहिन्या खुल्या असल्यामुळे संगणकातल्या कार्डालाही त्या पाहता येतात. ज्या वाहिन्यांना कुलूप आहे त्या यादीत दिसतील, पण उघडणार नाहीत.

भोर-वेल्ह्यातून हा उपग्रह आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३१ अंशांवर दिसतो, आणि क्षितिजापासून तब्बल ५९ अंश वर. वेल्हे गावातून ही दिशा जवळजवळ राजगडाची. बालेकिल्ला आड येईल अशी भीती वाटते, पण ती फुकाची. सात किलोमीटरवरचा राजगड क्षितिजापासून जेमतेम सहा अंश डोके वर काढतो, उपग्रह त्याच्या दसपट उंचीवर असतो. सातशे मीटर उंचीचा कडा घरापासून चारशे मीटरांच्या आत उभा असेल तरच तो अडवेल. अंगणातला आंबा मात्र अडवू शकतो: दहा मीटरवरचे झाड साडेसोळा मीटरांहून उंच गेले की संपले. इथे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे, त्यामुळे मोबाइलमधले होकायंत्रही चालते, फक्त पत्र्याच्या छपरापासून चार पावले दूर उभे राहावे. नेहमीची छत्री ‘ऑफसेट’ जातीची असते. ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. ५९ अंश म्हणून तिला आकाशाकडे तोंड करून झोपवू नये.

पावसाळ्याचे तेवढे सांभाळावे. या सेवेचा केयू पट्टा पावसाच्या दाट धारांत क्षीण होतो, आणि वेल्ह्याच्या पावसाला क्षीण म्हणण्याची कुणाची छाती नाही. ६० सेंटीमीटरच्या जागी ९० सेंटीमीटरची छत्री लावली तर झेलणारे क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, आणि जुलैतले पुष्कळ अडथळे टळतात. वळवाच्या गडगडाटात छत्रीची वायर कार्डापासून सोडवून ठेवावी. एका विजेत कार्डच नव्हे, मदरबोर्डही जातो.

उपग्रहाच्या कार्डांसाठी ड्रायव्हरचे घराणे वेगळे, पण रीत तीच. टेक्निसॅटचे स्कायस्टार २ हे जुने पीसीआय कार्ड कर्नलमधल्या बी२सी२-फ्लेक्सकॉप ड्रायव्हरवर मुकाट्याने चालते. मात्र ते फक्त डीव्हीबी-एस जाणते. डीव्हीबी-एस२ मधून येणाऱ्या वाहिन्या हव्या असतील तर नवे कार्ड घ्यावे लागते. यंत्रांच्या फोल्डरात ‘डीव्हीबी’, त्यात ‘अ‍ॅडाप्टर०’ आणि त्याखाली ‘फ्रंटएंड०’ दिसले की कार्ड जागे झाले. न दिसल्यास डीमेसेजमध्ये फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ शोधावी. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेंदूत भरायची छोटी फाइल. ती कधी वितरणाच्या वेगळ्या पॅकेजात असते, कधी कार्ड बनवणाऱ्याकडून आणून ‘लिब/फर्मवेअर’मध्ये ठेवावी लागते.

त्यानंतर ‘डीव्हीबीव्ही५-स्कॅन’ने वाहिन्या शोधायच्या. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीचा प्रकार ‘युनिव्हर्सल’ सांगावा. तिचे दोन आतले आकडे ९७५० आणि १०६०० मेगाहर्ट्झ असतात. उभ्या ध्रुवणासाठी कार्ड वायरीतून वर १३ व्होल्ट पाठवते, आडव्यासाठी १८. यूएसबी ट्यूनरला स्वतःचा वीजपुरवठा जोडला नसेल तर हे व्होल्ट वर पोचतच नाहीत आणि ‘लॉक’ होत नाही. घरातला सेट टॉप बॉक्स आणि कार्ड एकाच वायरीवर टांगले तर दोघे वेगवेगळे व्होल्ट मागतात आणि भांडतात. दोन तोंडांची एलएनबी लावली की हे भांडण स्वस्तात मिटते. स्कॅन झाल्यावर व्हीएलसी किंवा काफीनमध्ये चित्र पाहावे. टीव्हीहेडएंड बसवले तर एकच कार्ड घरातल्या वायफायवरून मोबाइललाही वाहिन्या देते. चित्रमुद्रणात उपग्रहावरून आलेला प्रवाह जसाच्या तसा साठतो, दर्जा घटत नाही. साध्या वाहिनीचा एक तास साधारण एक जीबीच्या आसपास बसतो.

काही कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये नसतात, निर्माता ते वेगळे देतो. ते स्वतः बांधावे लागतात आणि कर्नल अद्ययावत झाला की पुन्हा बांधावे लागतात. काल चालणारे कार्ड आज सकाळी मुके होण्याचे हे नेहमीचे कारण. डीकेएमएस ही सोय बांधणी आपोआप करते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर मात्र कर्नल दारातूनच परत पाठवतो. घरगुती वापरासाठी अशी कार्डे विकत न घेणे बरे. कर्नलमध्ये ज्याचा ड्रायव्हर आहे तेच घ्यावे, चार पैसे जास्त पडले तरी.

राहता राहिले जुने अ‍ॅनालॉग कार्ड. हवेत त्याच्यासाठी काही उरले नाही, पण त्याच्या पाठीवर पिवळ्या पिनेचे छिद्र असते, आणि घरातल्या कपाटात लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी. कॅसेट प्लेअर त्या छिद्राला जोडावा, पाहण्याच्या कार्यक्रमात ट्यूनरऐवजी ‘कंपोझिट’ निवडावे, आवाज लाइन इनमधून घ्यावा आणि एफएफएमपेगने ७२० बाय ५७६ या आकारात साठवावे. सेकंदाला पाच मेगाबिट धरले तर तासाभराचे लग्न सव्वादोन जीबीत मावते. नव्या विंडोजसाठी या कार्डांचे ड्रायव्हर मिळणे दुरापास्त. लिनक्सच्या कर्नलमध्ये बीटीटीव्ही आणि एसएए७१३४ अजून आहेत. पीसीआय खाच नव्या मदरबोर्डांवर मिळत नाही, म्हणून जुना संगणकही कार्डाबरोबरच जपावा लागेल. कॅसेटच्या फितीला मात्र दर पावसाळ्यात बुरशी चढते आहे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी माळ्यावरच्या कार्डाच्या काळ्या चिपवरचा क्रमांक एकदा वाचून पाहावा.