अनियमित कोणाला म्हणता?

लांब, आखूड, चपटी, आणि कशातच न बसणारी ती 'अनियमित'. शाळेत हाडांची अशी वाटणी पाठ केलेली आठवते ना? मणके त्या शेवटच्या टोपलीत. (आम्ही कॉन्व्हेंटवाले 'व्हर्टिब्रा' म्हणायचो, मणका हा शब्द आजीच्या कंबरदुखीमुळे कळला.) मला हे नावच पटत नाही.

मशीन डिझाइनवाल्यांनी एकदा मणका हातात घेऊन बघाच. पुढचा जाड ठोकळा वजन पेलतो. मागे कमान, तिच्या आतून मज्जारज्जू सुखरूप जातो, म्हणजे केबल डक्टच! बाजूला आणि मागे निघालेली टोकं स्नायूंसाठी तरफेचं काम करतात. वर-खाली छोटे सांधे, कुठे किती वळायचं ते ठरवणारे. मानेत 7, पाठीत 12, कमरेत 5. खाली जावं तसा ठोकळा मोठा, कारण भार वाढत जातो. एवढी कामं एकाच पार्टकडून करून घ्यायची तर आकार वाकडातिकडा होणारच की!

कमरेच्या मणक्यांना पुढे बाक असतो. आपल्या हॉस्टेलच्या सरळसोट खुर्चीला त्याचा पत्ताच नाही, आणि ड्रॉइंग हॉलच्या स्टुलांना तर पाठच नाही. सबमिशनच्या रात्री वाकून बसलं की तो बाक सपाट होतो, मधल्या चकत्या पुढून दाबल्या जातात. विशीतच 'मूव्ह' चोळणारे आमच्या मजल्यावर कमी नाहीत.

वर्कशॉप आपलं, लाकूड आपलं. कमरेच्या उंचीला आधाराची एक पट्टी बसवायला असा काय खर्च येणार? फायनल इयरच्या प्रोजेक्टला हा विषय द्या सर, पहिलं नाव माझं लिहा.