दरवाजे उघडतील, गावाचे काय?

भोर तालुक्यातील भाटघर धरणाचे उद्घाटन १९२८ साली झाले. त्याला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचले की ते आपोआप उघडतात. हे पाणी वेळवंडीतून नीरेत येते आणि पुणे-सातारा महामार्गावरील सारोळ्याच्या पुलाखालून वीर धरणाकडे जाते. नीरा-देवघरचे पाणीही त्याच वाटेने येते. दरवाजे आपोआप उघडावेत हे स्थापत्यशास्त्राचे यश होय. परंतु ते उघडल्यावर काठावरच्या माणसाने काय करावे, हे ज्ञान आपोआप येत नाही. आपत्तिव्यवस्थापनाचे सारे मर्म या एका भेदात आहे.

सारोळ्याच्या वाट्याला केवळ नदी आलेली नाही. पश्चिमेस हिर्डस मावळातील अतिवृष्टीचे डोंगर, गावालगत महामार्गाची अखंड वाहतूक आणि नीरेपलीकडे शिरवळची कारखानदारी आहे. विकासाने या परिसराला पाणी, रस्ता आणि रोजगार दिला. त्याबरोबर धोक्याचे स्वरूपही पालटले. धरण, पूल वा कारखाना उभारताना भोवतालच्या माणसांना सज्ज करणे हा त्या उभारणीचाच खर्च मानला पाहिजे. तो तसा क्वचितच मानला गेला.

याच टापूतील वेल्ह्याच्या पानशेत धरणाने हा धडा फार पूर्वी दिला आहे. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून फुटीची घटका लांबवली. अशा वेळी काही तासांचे मोल किती असते, हे वेगळे सांगावयास नको. पुणेकरांना मात्र वेळेवर स्पष्ट इशारा मिळाला नाही. श्रमाने मिळवलेला वेळ माहितीअभावी बव्हंशी वाया गेला. वरंध घाटापलीकडे, महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुराने रस्ते बंद झाले होते. बाहेरची पथके पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुणे जिल्ह्यातच, सुदुंबरे येथे आहे. तिच्या कौशल्याविषयी शंका नाही. पण पहिले काही तास शेजाऱ्याचेच असतात.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालखंडासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी सुचवली. तीत पूर्वतयारी व क्षमताबांधणीला १० टक्के आणि धोका कमी करण्याच्या कामांना २० टक्के वाटा होता. उरलेला ७० टक्के मदत आणि पुनर्बांधणी यांसाठी होता. पूर्वतयारीला स्वतंत्र वाटा मिळाला, हे स्वागतार्हच. तथापि एक अडचण उरतेच. मदतवाटपाची छायाचित्रे निघतात; टळलेल्या हानीचे छायाचित्र निघत नाही. म्हणून प्रशिक्षणाचे फळ हिशेबात येत नाही, आणि जे हिशेबात येत नाही त्यावरील खर्चाला कात्री प्रथम लागते. शिवाय यंत्राप्रमाणे कौशल्यालाही घसारा असतो. एकदा शिबिर भरवून प्रमाणपत्रे वाटली आणि पुढे सराव झाला नाही, तर त्या प्रमाणपत्रांची किंमत कागदापुरतीच राहते.

महाराष्ट्राने याहून चांगले काम करून दाखविले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गवंड्यांना भूकंपरोधक बांधकाम शिकविण्यात आले आणि खेड्यांतील स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून नेमणूक झाली. मदत संपते, अशी शिकवण मात्र गावात उरते.

सारोळ्यासारख्या गावात हे घडविण्यास फार मोठ्या निधीची गरज नाही. पट्टीचे पोहणारे, जेसीबी चालविणारे, प्रथमोपचार जाणणारे यांची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर असावीत. विसर्गाची सूचना वस्तीवस्तीत कोण पोचविणार, हे आधी ठरलेले असावे. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी दर वर्षी मृगापूर्वी एक दिवस प्रत्यक्ष सराव करावा, आणि त्यासाठीची तरतूद गावाच्या विकास आराखड्यात नित्याचा खर्च म्हणून असावी. नळपाणी योजनेची देखभाल ज्या नियमाने होते, त्याच नियमाने माणसांच्या तयारीचीही व्हावी. धरणाच्या दरवाजांची तपासणी दर पावसाळ्यापूर्वी व्हावी, असे कोणीही म्हणेल. पुलाखालच्या गावाची तपासणी कोण करणार, हा प्रश्नही त्याच दिवशी विचारला गेला पाहिजे.