वजन घटले, पण नेमके काय घटले?

विशेष प्रतिनिधी, मुंबई

वजन कमी करण्याची इंजेक्शने भारतीय बाजारपेठेत दाखल झाली आणि शहरी मध्यमवर्गात स्थूलतेची चर्चा एकदम वेगळ्या वळणावर गेली. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने, तर जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' या नावाने देशात उपलब्ध झाले. डिसेंबर २०२५ मध्ये 'ओझेम्पिक'ही आले. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. ती संपताच स्वस्त पर्याय आणण्याची तयारी देशी कंपन्यांनी आधीपासूनच चालविली होती. मूठभर श्रीमंतांपुरता असलेला हा उपचार सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याचा मार्ग त्यातून मोकळा होतो. मात्र या उत्साहात एक प्रश्न मागे पडतो. काट्यावर कमी झालेले किलो हे चरबीचे की स्नायूंचे?

हा प्रश्न केवळ व्यायामशाळेत पिळदार दंड कमावणाऱ्या तरुणांचा नाही. साठी उलटलेली गृहिणी, मधुमेहाने गाठलेला बँक कर्मचारी आणि दिवसाचे दहा तास संगणकासमोर बसणारा अभियंता या सर्वांच्या पुढील २०-२५ वर्षांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आकडे काय सांगतात?

आहारातील उष्मांक कमी झाले की शरीर साठविलेल्या ऊर्जेकडे वळते. ही ऊर्जा प्रामुख्याने चरबीतून मिळते; परंतु काही प्रमाणात स्नायूंतील प्रथिनेही खर्ची पडतात. उपवास, कडक पथ्य, पोटाची शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन, मार्ग कोणताही असला तरी हा नियम सुटत नाही. फरक पडतो तो प्रमाणात.

सेमाग्लुटाइडच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमुख चाचणीत १,९६१ जणांचा समावेश होता. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले. त्यापैकी १४० जणांची डेक्सा यंत्राद्वारे तपासणी करण्यात आली, तेव्हा औषध घेणाऱ्यांच्या घटलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के वाटा चरबीविरहित वजनाचा असल्याचे आढळले. टिर्झेपेटाइडच्या २०२२ मधील चाचणीत हाच वाटा सुमारे २५ टक्के होता. विशेष म्हणजे त्या चाचणीत औषधाशिवाय ज्यांचे थोडेफार वजन घटले, त्यांच्यातही हे प्रमाण जवळपास तेवढेच होते. म्हणजेच स्नायू घटणे हा औषधाचा खास दुर्गुण नसून वेगाने व मोठ्या प्रमाणावर वजन घटण्याचा तो परिणाम असावा, असे मानण्यास जागा आहे.

साधा हिशेब मांडला तर ८० किलो वजनाच्या व्यक्तीने १२ किलो वजन घटविले, की त्यातील तीन ते पावणेपाच किलो चरबीबाहेरचे असू शकतात. मात्र येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. 'चरबीविरहित वजन' म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत. शरीरातील पाणी, यकृतासारखे अवयव यांचाही त्यात समावेश होतो. शिवाय चरबी त्याहून अधिक घटल्याने एकूण शरीरातील चरबीचे प्रमाण कमीच होते. त्यामुळे या आकड्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखेही ते नाहीत.

पुण्यातील धडा

भारतीयांच्या बाबतीत या प्रश्नाला अधिक धार आहे आणि ती दाखवून देण्याचे मोठे श्रेय पुण्यातील संशोधनाकडे जाते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ असा एकसारखाच. प्रत्यक्षात मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के होते. काट्याच्या लेखी सारखेच असलेले दोन देह आतून किती भिन्न असतात, याचा याहून बोलका पुरावा शोधूनही सापडणार नाही.

हा फरक जन्मापासूनच असतो, असेही या संशोधकांनी दाखवून दिले. पुणे परिसरातील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याची बालके लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. 'दिसायला बारीक, आतून मेदयुक्त' अशी ही शरीरयष्टी. आधीच स्नायूंची पुंजी तुटपुंजी असलेल्या समाजाने वजन घटविताना ती आणखी खर्च करणे कितपत परवडणारे आहे, हा खरा प्रश्न आहे.

स्नायू हे केवळ ओझी उचलण्याचे साधन नव्हे. जेवणानंतर रक्तातील साखर सामावून घेण्याचे मोठे काम तेच करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून १३ कोटी ६० लाख जण मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. साखर साठविण्याचे कोठारच आकसले, तर वजन कमी करण्यामागील हेतूलाच बाधा येऊ शकते. १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार जणांच्या २०१५ मधील पाहणीत हाताच्या पकडीची ताकद पाच किलोने कमी असण्याचा संबंध मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक असण्याशी आढळला होता.

औषध थांबल्यावर काय?

खर्च, मळमळ किंवा कंटाळा यापायी अनेकजण हे उपचार अर्ध्यावर सोडतात. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. गेलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. परत येणाऱ्या वजनात, विशेषतः उतारवयात, चरबीचा वाटा अधिक असण्याचा धोका संभवतो. अशी दोन-तीन आवर्तने झाली तर काटा जुनाच आकडा दाखवील, पण जिना चढताना लागणारा दम मात्र वाढलेला असेल. औषधे स्वस्त झाल्यावर ती घेणाऱ्यांबरोबरच मध्येच सोडणाऱ्यांची संख्याही वाढणार, हे उघड आहे.

उपाय जुनाच

दिलासादायक बाब अशी, की स्नायू राखण्याचा उपाय महागडा नाही. अमेरिकेत ६५ वर्षांवरील स्थूल व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन घटविताना केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन पाच टक्क्यांनी घटले. वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांत ही घट दोन टक्के, तर दोन्ही करणाऱ्यांत तीन टक्के होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करण्याचा सल्ला दिला आहे. सकाळच्या फेरीलाच संपूर्ण व्यायाम मानणाऱ्या शहरी मंडळींनी याची नोंद घ्यायला हवी. तालमीतल्या जोर-बैठकांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे नव्याने शिकविण्याची वेळ यावी, हा दैवदुर्विलासच!

दुसरा भाग ताटाचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम प्रथिने आवश्यक आहेत. वजन घटविण्याच्या काळात १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने घेण्याचा सल्ला अनेक आहारतज्ज्ञ देतात. ७० किलोच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण किमान ८४ ग्रॅम होते. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, तर ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सहा ते सात ग्रॅम प्रथिने असतात. पोहे, साबुदाण्याची खिचडी आणि पातळ वरण-भात यांवर हे गणित जुळत नाही. त्यात इंजेक्शनमुळे भूक मंदावली की आधी ताटातली उसळ सुटते आणि चहा-बिस्कीट तेवढे उरते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

भीतीचाही बाजार

स्नायू घटण्याच्या भीतीचा व्यापारही आता जोरात आहे. प्रथिनांची भुकटी, प्रथिनयुक्त बिस्किटे, प्रथिनयुक्त कुल्फी यांच्या जाहिरातींचा भडिमार सुरू आहे. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्याचाच सल्ला दिला होता. दुसरीकडे, याच भीतीपोटी ज्यांना उपचारांची खरोखर गरज आहे अशा अतिस्थूल वा मधुमेही रुग्णांनी वजन घटविण्याचेच टाळणे अधिक घातक ठरेल. तोल दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांना सशर्त मान्यता देताना आहार व व्यायामाची जोड आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. ही जोड देणार कोण, हा प्रश्न मात्र आपल्याकडे अनुत्तरितच आहे. दवाखान्यात काही मिनिटांत चिठ्ठी मिळते. आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक यांचा खर्च रुग्णानेच सोसायचा असतो. डेक्सा तपासणी सर्वांना शक्य नाही, हे मान्य. पण कंबरेचा घेर, हाताची पकड आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, एवढी नोंद तर कोणत्याही दवाखान्यात घेता येईल. औषध सुरू करताना आणि दर तीन महिन्यांनी ती घेण्याची शिस्त लागली, तरी बरेच साध्य होईल.

औषध स्वस्त होणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र उपचाराचे यश केवळ काट्यावर मोजले गेले, तर आज हलका झालेला माणूस उद्या दुबळा झालेला आढळेल. किती किलो घटले, याबरोबरच काय घटले, हे विचारण्याची सवय रुग्णांनी आणि त्याहीपेक्षा डॉक्टरांनी लावून घ्यायला हवी.