अठ्ठेचाळीस मतांची फेरमोजणी कोणी मागायची?

2024 मध्ये 6 नोव्हेंबरच्या बुधवारी माटुंगा नेहमीपेक्षा लवकर उठलं होतं. अमेरिकी निवडणुकीत पेनसिल्व्हेनियातली मतदान केंद्रं आपल्या घड्याळात सकाळी साडेसहाला बंद झाली आणि पूर्वेकडच्या उडपी हॉटेलांत इडली येण्याआधी मोबाइल उघडले. फिलाडेल्फियाच्या आसपासचे जिल्हे, पिट्सबर्ग, टपालाने आलेली मतं, 19 इलेक्टोरल मतं, सगळं लोकांना पाठ. दुपारी एकच्या सुमाराला ते राज्य ट्रम्प यांच्या पदरात पडलं. सुमारे 70 लाख मतांत फरक सव्वा लाखाच्या आतबाहेर.

याचं मला नवल वाटत नाही. व्हीजेटीआय आणि यूडीसीटी ही महाविद्यालयं इथलीच. या भागातली हुशार पोरं दोन पिढ्यांपासून न्यूजर्सीला जाताहेत. ज्याचा नातू तिथे शिकतो त्या आजोबांना तिथला मतदारसंघ पाठ असणारच. नवल वाटलं ते चौदा दिवसांनी. 20 नोव्हेंबरला आपल्याकडे विधानसभेचं मतदान होतं आणि रुळांवरच्या झेड ब्रिजच्या अलीकडचे कोण, पलीकडचे कोण, इथूनच गोंधळ होता. रुळांच्या पश्चिमेला राहणारा माटुंगेकर माहीमचा मतदार, पूर्वेकडचा बहुतेक वडाळ्याचा. लोकसभेला मात्र दोघंही दक्षिण मध्य मुंबईचे. मला फोन करून ‘आपल्याकडे अमित ठाकरे उभा आहे ना?’ असं विचारणारे एक गृहस्थ चक्क पूर्वेकडे, किंग्ज सर्कलजवळ राहतात.

माहीमची लढत पेनसिल्व्हेनियाहून चुरशीची झाली. शिवसेनेच्या (ठाकरे) महेश सावंत यांना 50,213, शिंदे गटाच्या सदा सरवणकरांना 48,897, मनसेच्या अमित ठाकरेंना 33,062. फरक 1,316. वडाळ्यात कालिदास कोळंबकर या वेळी सहज निवडून आले, पण याच कोळंबकरांनी 2014 मध्ये, काँग्रेसमध्ये असताना, भाजपच्या मिहिर कोटेचांना फक्त 800 मतांनी हरवलं होतं. म्हणजे झेड ब्रिजच्या दोन्ही टोकांना चुरस आपल्या ओळखीची आहे. तरी आपण तिचा विचार करतो तो लाट, नाराजी, मतविभागणी एवढ्यापुरता. मोजणीच्या टेबलावर नेमकं काय होतं, फरक अगदी थोडा असला तर पुन्हा मोजायचं की नाही आणि ते ठरवायचं कोणी, यावर कुणी कॉफी थंड करत नाही. आजचा लेख त्यावर आहे.

निमित्त अर्थात वायव्य मुंबईचं. 2024 च्या जूनमध्ये लोकसभेची मोजणी गोरेगावच्या नेस्को संकुलात झाली. यंत्रांतली सगळी मतं मोजून झाली तेव्हा उमेदवार अमोल कीर्तिकर 4,51,095 आणि रवींद्र वायकर 4,51,094. एका मताचा फरक! त्यात टपाली मतं मिळवली, वायकरांची 1,550 आणि कीर्तिकरांची 1,501. निकाल लागला वायकर 48 मतांनी विजयी. दोघांची मिळून नऊ लाखांवर मतं, म्हणजे लाखामागे पाच मतांचा फरक. ‘नोटा’चं बटण दाबणारे पंधरा हजारांहून जास्त होते, ते वेगळेच. 111 टपाली मतं बाद ठरली होती.

त्यानंतरचा गदारोळ आठवत असेल. मोजणी केंद्रात मोबाइल नेल्याचा गुन्हा, ‘ओटीपीने यंत्र उघडतं’ ही बातमी, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचा खुलासा. यंत्र ओटीपीने उघडत नाही. ओटीपी लागतो तो सैनिकांना संगणकावरून पाठवलेल्या टपाली मतपत्रिकांच्या प्रणालीत. पण महिनाभर सगळा महाराष्ट्र त्या ओटीपीवर भांडत बसला आणि खरा प्रश्न बाजूला राहिला. खरा प्रश्न असा, की 48 च्या फरकावर फेरमोजणी आपोआप का होत नाही?

आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. ‘निवडणूक आचालन नियम 1961’ मधला नियम 63. मोजणी संपली की निकालपत्रावर सही होण्याआधी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने लेखी अर्ज करायचा, कारणं द्यायची. तो मान्य करायचा की फेटाळायचा, हे अधिकारी ठरवणार. सही झाली की तो दरवाजा बंद. मग 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायद्यात लिहिलं आहे. त्या ‘प्रयत्न’ शब्दाच्या आधारावर काही याचिका पाच वर्षं जगल्या आहेत.

कीर्तिकरांची याचिका एवढी जगली नाही. डिसेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने ती सुरुवातीलाच फेटाळली. कारण, आवश्यक तो ठोस तपशील याचिकेत नाही. याचिकेचा मुख्य भर होता ‘टेंडर’ मतांवर. आपण केंद्रावर जातो आणि आपल्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलेलं असतं, तेव्हा यंत्राला हात न लावता कागदी मतपत्रिकेवर जे मत द्यायला मिळतं ते टेंडर मत. ते पाकिटात जातं आणि मोजणीत धरलं जात नाही. अशी मतं तीनशेहून जास्त होती, असं याचिकाकर्त्याचं म्हणणं. आकडा खरा की खोटा, यात मी पडत नाही. न्यायालयाने कायद्याप्रमाणे योग्य तेच केलं असेल. माझी तक्रार कायद्याशी आहे. सायंकाळच्या त्या गोंधळात, समोर विजयाचे ढोल वाजत असताना, पराभूत उमेदवाराच्या दमलेल्या प्रतिनिधीने नेमक्या शब्दांत, नेमक्या क्षणी, कारणांसकट अर्ज लिहिला की नाही, यावर सतरा लाखांहून जास्त मतदारांच्या मतदारसंघाची शंका मिटणार की राहणार हे ठरावं? मतमोजणी प्रतिनिधी हा बहुधा शाखेतला कार्यकर्ता असतो. सकाळी सहापासून उपाशी.

अमेरिकेकडून शिकायचं असेल तर ते इथे. तिथल्या बऱ्याच राज्यांत ठरावीक फरकाच्या आत निकाल आला की फेरमोजणी कायद्यानेच सुरू होते, अर्ज लागत नाही. ज्या पेनसिल्व्हेनियासाठी आपण पहाटे उठलो, तिथे ही मर्यादा अर्धा टक्का आहे. 2024 मध्ये अध्यक्षपदाचा फरक तिच्या बाहेर गेला, पण त्याच दिवशीची सिनेटची लढत आत आली. बॉब केसी आणि डेव्हिड मॅकॉर्मिक यांच्यात फेरमोजणी आपोआप लागू झाली. आपण इथे बोटाला शाई लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी केसी यांनी पराभव मान्य केला. आपल्या वर्तमानपत्रांत तो मजकूर चार ओळींचा होता.

फ्लोरिडा 2000 ची गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असते, फक्त अर्धी. जॉर्ज बुश 537 मतांनी जिंकले आणि सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी थांबवली, इतकंच आपल्याला आठवतं. सुरुवातीला फरक 1,784 होता. तो अर्ध्या टक्क्याच्या आत असल्याने यंत्राने फेरमोजणी आपोआप झाली आणि फरक उतरला 327 वर. मग परदेशातून आलेल्या टपाली मतांनी तो पुन्हा वाढला. हाताने मोजायची वेळ आली तेव्हा भोक अर्धवट पडलेली मतपत्रिका वैध की अवैध, याचा निकष प्रत्येक जिल्ह्यात निराळा. तिथे घोडं अडलं. फेरमोजणीचा नियम होता, पण ती कशी करायची हे आधी लिहून ठेवलेलं नव्हतं. वीस वर्षांनी जॉर्जियात जवळजवळ 50 लाख कागदी मतपत्रिका हाताने मोजल्या गेल्या, मग पुन्हा यंत्राने. बायडेन यांची आघाडी शेवटी राहिली 11,779. ट्रम्प यांनी तिथल्या निवडणूक सांभाळणाऱ्या मंत्र्याला फोन करून नेमकी 11,780 मतं ‘शोधायला’ सांगितली. मंत्री त्यांच्याच पक्षाचा होता आणि ‘नाही’ म्हणू शकला. दोनदा पुन्हा मोजलेला आकडा हातात असणं किती कामाला येतं, ते अशा वेळी कळतं.

     

आपोआप फेरमोजणीची अर्ध्या टक्क्याची मर्यादा महाराष्ट्राला लावली तर? माहीम बसणार नाही, तिथला फरक टक्क्याच्या घरात आहे. सावंतांच्या समर्थकांनी निर्धास्त असावं. पण मालेगाव मध्यचे 162, साकोलीत नाना पटोलेंचे 208, बेलापूरला मंदा म्हात्रे यांचे 377 हे नक्की येतात. तिथे पहिल्या दोघांची बेरीज पावणेदोन-दोन लाखांवर जाते. 2019 च्या चांदिवलीतले 409 ही आठवतात. यात सगळ्या पक्षांचे लोक जिंकले आहेत आणि सगळ्यांचे हरले आहेत, त्यामुळे मागणी अमुक पक्षाची आहे असं म्हणायची सोय नाही.

यंत्राची फेरमोजणी म्हणजे तेच बटण पुन्हा दाबणं, त्याने काय साधणार, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून अशा मतदारसंघात व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात. आज प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या चिठ्ठीने निवडलेल्या पाच केंद्रांच्याच मोजतात. टपाली मतं, वैध आणि बाद दोन्ही, दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासावीत. टेंडर मतांचा आकडा निकालपत्रासोबत जाहीर करावा. यातलं एक पाऊल निवडणूक आयोगाने आधीच टाकलेलं आहे. बाद टपाली मतांची संख्या विजयाच्या फरकाहून जास्त असली, तर ती सगळी पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. वायव्य मुंबईत ती 111 मतं तशी पुन्हा पाहिली गेली. म्हणजे ‘फरक थोडा, म्हणून मागणी नसतानाही तपास’ हे तत्त्व आयोगाला पटलेलं आहे. मग ते 111 पाकिटांपाशीच का थांबावं?

वेळ कुठे आहे, असं विचारतील. 2019 मध्ये विरोधी पक्षांनी निम्म्या यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजायची मागणी केली तेव्हा निकाल पाच-सहा दिवस लांबेल, असं आयोगाने सांगितलं होतं. सगळ्या देशासाठी ते खरं असेल. इथे प्रश्न 288 पैकी चार-सहा मतदारसंघांचा आहे. शिवाय घाईचं म्हणाल, तर 23 नोव्हेंबरला निकाल लागल्यावर 5 डिसेंबरला आझाद मैदानावर शपथविधी होईपर्यंत बारा दिवस महाराष्ट्राला नवा मुख्यमंत्री नव्हता. त्या बारा दिवसांत साकोलीच्या चिठ्ठ्या तीनदा मोजून झाल्या असत्या.

आणि अगदी बरोबरीच झाली तर? तीही आपण पाहिली आहे. 2017 च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये, गिरगावाच्या कुशीत, भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघंही 5,946 वर थांबले. शेवटी चिठ्ठी टाकली, शाह नगरसेवक झाले. चिठ्ठीबद्दल माझी तक्रार नाही. पाच हजार नऊशे सेहेचाळीस पुन्हा पुन्हा मोजून खात्री झाल्यावर नशिबाकडे जावं, एवढंच.

हा बदल करायला संसदेत कायदा आणावा लागत नाही. 1961 चे नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून अधिसूचनेने बदलतं. ते किती झटपट होतं, हेही डिसेंबर 2024 मध्येच दिसलं. 20 डिसेंबरला कायदा मंत्रालयाने याच नियमांतला नियम 93 बदलला आणि निवडणुकीची कोणती कागदपत्रं जनतेला पाहता येतील ते आवळून टाकलं. केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आता त्या यादीबाहेर. कीर्तिकर मोजणी केंद्रातलं चित्रणच मागत होते. नियम 93 साठी एक अधिसूचना पुरली. त्याच पुस्तकात तीस नियम मागे 63 आहे. आपल्या भागाचे खासदार अनिल देसाई कीर्तिकरांच्याच पक्षाचे आहेत. संसदेच्या पुढच्या अधिवेशनात त्यांनी हा प्रश्न लेखी विचारावा.